एकशे तिसरी जागा

ब्लांटायरमध्ये आज वीज दुपारपर्यंत टिकली,
म्हणून हे वाचता आलं.

न्सान्जेहून आलेली कार्डं.
जाड कागदावर पाच-पाच थेंब,
शर्टाच्या गुंडीएवढे, वाळून तपकिरी.
अट साधी होती:
ज्यांनी अजून एकही गोळी घेतली नाही
त्यांचंच रक्त हवं.
नाव नको. वय, लिंग, आकडा.

चारशे सतरा. स्त्री. एकोणीस.

कोरी पाटी, असं आम्ही म्हणतो,
बैठकांमध्ये, चहा घेताना.

पडद्यावर डोंगर सरकतात, चार रंगांचे.
एकशे तिसऱ्या जागी तीन ए असायला हवेत,
तिन्ही हिरवे.
ए. ए.
आणि मग एक निळा सी,
ताठ, स्वच्छ, जराही न लाजणारा.

मी नमुना पुन्हा चालवला.
पुन्हा निळा.

म्हणजे ही गोळी कुणीतरी घेतली होती.
तिच्या आधी, तिच्याहून वेगळ्या अंगात.
घेतली, आणि मग राहिली.
त्याला दोष द्यायला बसते, तर जमत नाही.
न्चालोच्या उसात तोडणीला गेला असेल,
पाळी सुटायच्या आत दवाखाना मिटत असेल.
शिरे नदी फुगली असेल, होडी पलीकडे.
किंवा तो वेळेवर आलाही असेल,
आणि खिडकीतून कुणी म्हटलं असेल:
साठा संपलाय, पुढच्या गुरुवारी ये.

पुढचा गुरुवार म्हणजे सात रात्री.
अंगात औषध होतं,
मारण्याएवढं नव्हतं.
शिकवण्याएवढं होतं.

नंतर केव्हातरी ते शिक्षण तिच्याकडे आलं,
अंधारात, बहुधा प्रेमानेच.
देणाऱ्यालाही माहीत नव्हतं आपण काय देतोय.
उष्टं फक्त ताटात असतं असं थोडंच आहे?
तिने कधी न गिळलेली गोळी
तिच्या रक्ताने आधीच चाखून, थुंकून टाकलेली.

कार्ड परत पाकिटात घालताना
मागच्या बाजूला बोट अडखळलं.
कुणीतरी पेन्सिलीने लिहून खोडलं होतं.
खोडरबर शाई नेतो, शिसं नेतो,
दाब नेत नाही.
खिडकीशी धरलं, तिरपं.
तियामिके.
आमच्या भाषेत: आभार मानूया.

नियम माझ्या टेबलासमोरच चिकटवलाय.
सर्वेक्षण आकड्यांचं आहे, माणसांचं नाही;
माणसं आकड्यांमधून परत यायची नसतात.
नियम वाईट नाही, मीच सही केलीय त्याच्यावर.
मी तो तीनदा वाचला
आणि फोन उचलला.

नाव घेतलं.

एनेलेसी हसली. ती होय?
मंगळवारी येऊन गेली, सायकलच्या मागे बसून, उन्हाची.
डबी उलटी करून मी गोळ्या मोजते,
एकही जास्त निघत नाही तिची.
रेडिओवर आठच्या बातम्या लागल्या की घेते.
डोकं गरगरतं म्हणते, रात्रभर कसलीकसली स्वप्नं,
कुणी भिंती रंगवतंय, मासे जिने चढतायत.
तरी घेते.
माझ्या यादीतली सगळ्यात शहाणी पोर.

किती महिने झाले?
पाच.

एनेलेसी, मी म्हटलं,
गोळ्या मोजू नकोस तिच्या.
विषाणू मोज.

पलीकडे कुणाचं तरी मूल खोकत होतं.
बराक थांबून ती म्हणाली,
दुसरं औषध लिलाँग्वेच्या सहीशिवाय मिळत नाही.
सहीला सहा आठवडे.
आणि मग, हळू,
जणू मीच ते कपाट उघडून बसलेय:

आज आठला काय सांगू तिला?

वीज गेली तेव्हा
पडद्यावरचा निळा डोंगर सगळ्यात शेवटी विझला,
की मला तसं वाटलं.
फोन कानाशीच होता.